पंगत उठेपर्यंत

पुरण अजून चुलीवर रटरटत होतं आणि दुर्गाबाईंच्या ओसरी ते परसदार अशा खेपा सकाळपासून चालूच होत्या. खेपा निरोपाच्या होत्या. ओसरीवर त्यांचे यजमान अर्जुनराव कडक टोपी घालून बसले होते. परसात त्यांचे धाकटे दीर रंगराव केळीची पानं धूत होते. मध्ये एक माजघर आणि एक स्वयंपाकघर, एवढाच काय तो रस्ता. पण रावेतच्या या घरात पहिल्या निवडणुकीपासून शब्दांना तो रस्ता एकट्यानं चालता येत नव्हता. सोबतीला दुर्गाबाई लागत.

भांडण तसं जुनं, पण दोघांनी ते शिळं होऊ दिलं नव्हतं. त्या निवडणुकीत काँग्रेसची खूण बैलजोडी होती आणि अर्जुनराव गावचे काँग्रेसवाले. रंगराव पुण्याला शिकायला गेले ते समाजवादी होऊन परत आले, आणि चिंचवडच्या बाजारात बैलगाडीवर उभं राहून म्हणाले, "कुठं वळायचं ते बैल मालकाला विचारतात, आणि आमचे दादा तालुक्याला." सगळा बाजार हसला. मागं गुळाच्या ढेपांजवळ अर्जुनराव उभे होते, हे रंगरावांना हशा ओसरल्यावर दिसलं. तेव्हापासून दोघांत अबोला.

अबोला म्हणजे काही बोलायचंच नाही असं मात्र नव्हे. शेत एक, बैल एक, चूल एक. न बोलून भागणार कसं? फक्त एकमेकांशी बोलायचं नाही, एवढाच नियम. "सांग त्याला," अर्जुनराव म्हणत. "वहिनी, दादांना सांगा," रंगराव म्हणत. दोघे समोरासमोर बसलेले असले तरी दुर्गाबाईंनी वाक्य पुन्हा म्हटल्याशिवाय ते दुसऱ्याला ऐकू आलेलं नाही असं धरायचं. समोरासमोर असताना दुर्गाबाई शब्दाला शब्द सांगत. मध्ये भिंत असली की मात्र त्यांचा हात जरा सैल सुटे.

"त्याला सांग," आता अर्जुनराव म्हणाले, "पाव्हणं येऊ देत, न्हाईतर रंगूनला माघारी जाऊ देत. उद्धवराव दुपारी दोरी घिऊन येनार म्हंजी येनार. वाटणीचा दिस मी आदी धरलाय."

दुर्गाबाई परसात गेल्या. "भावजी, ते म्हनत्यात पाव्हण्यांची जेवणं निवांत होऊ द्या. उद्धवराव बसतील तोवर."

रंगरावांनी हातातलं पान खाली ठेवलं. "दादा असं म्हणाले?"

"मंग मी काय पदरचं सांगतीया व्हय?"

पदरचंच होतं. रंगरावांनाही ते अर्धंमुर्धं ठाऊक असावं, पण पाहुणे तोंडावर आलेले असताना असल्या गोष्टींची चौकशी करण्यात अर्थ नसतो.

वाटणी निघाली ती झेंड्यावरून. यंदा ऐन दिवाळीत, नोव्हेंबरच्या एक तारखेला, सरकारनं मराठी आणि गुजराती मुलखाचं मिळून एकच मोठं राज्य केलं. संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात जाऊन आलेल्या रंगरावांनी त्या दिवशी घराच्या आढ्यावर काळा झेंडा लावला. सरकार काँग्रेसचं आणि आढं काँग्रेसवाल्याचं. अर्जुनरावांनी झेंडा उतरवला नाही. पायात वहाणा सरकवून ते तडक उद्धवरावांकडे गेले. उद्धवराव गावातले पंच. दोरी लावून एका घराची दोन घरं करून देण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "त्याच्या निम्म्या आढ्यावर त्यानं काय बी लावावं," अर्जुनराव म्हणाले. झेंडा पुढं दुर्गाबाईंनीच काढला. कापड चांगलं जाड होतं. आता त्या त्यानं तवा उचलत होत्या.

त्या या घरात सून म्हणून आल्या तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि रंगू त्यांच्या कमरेएवढा. सासू गेली आणि तो त्यांच्याच हाताखाली वाढला. त्यांना स्वतःला मूल झालं नाही, पण घरात हे एक असताना त्याची रुखरुख करायला त्यांना सवडही मिळाली नाही. वाटणी झाली की रंगराव दापोडीला खोली घेऊन राहणार होते. "भिंतीपलीकडं राहून तुमच्या भाकरीचा वास घेत बसू का, वहिनी?" असं ते म्हणाले होते. म्हणजे आज दुपारी दोरी पडली की दुर्गाबाईंचं पोरगं घरातून जाणार होतं. त्यांना ते सहन होण्यासारखं नव्हतं, आणि हे त्यांनी दोघांनाही तोंडानं सांगितलं होतं. नवरा म्हणाला, "मंग त्याला सांग." दीर म्हणाला, "मग दादांना सांगा."

---

पाहुणे बरकतच्या मोटारीतून आले. बरकत दापोडीचा, रंगरावांचा शाळेतला सोबती. एक जुनी फोर्ड दुरुस्त करून ती भाड्यानं चालवायचा आणि समाजवादी पक्षाला फुकट.

मुंबईला आशियातल्या समाजवादी पक्षांची परिषद नुकतीच संपली होती. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, जपान, कुठकुठले पक्ष एका छताखाली बसून एकमेकांशी बोलले होते. त्यातल्या दोघा प्रतिनिधींना पिंपरीचा पेनिसिलिनचा नवा कारखाना बघायचा होता. दुपारचं जेवण एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी, खेड्यात व्हावं असं ठरलं, तेव्हा रंगरावांनी हात वर केला. आशियाचा विचार करताना माणसाला स्वतःच्या घरात कोण बसलंय ते पटकन आठवत नाही.

अर्जुनरावांनी खरं तर मळ्यात निघून जायचं ठरवलं होतं. समाजवाद्यांचे पाहुणे समाजवाद्यांनी सांभाळावेत. पण गाडीचं दार उघडलं आणि आतून रेशमी लुंगी नेसलेला एक सावळा, ठेंगणा माणूस उतरून दोन्ही हात जोडून उभा राहिला, तेव्हा अर्जुनराव नकळत उठले. ती लुंगी त्यांना आपल्या धोतराची चुलतबहीण वाटली. घरातला समाजवादी विजार घालतो आणि रंगूनचा समाजवादी माणसासारखा येतो, ही गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली आणि पाहुण्यांच्या पायांवर घालायला स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाले.

हे सान मौंग. त्यांच्यामागून उतरल्या त्या इंडोनेशियाच्या सुहार्तीबाई, घट्ट अंबाड्याच्या आणि हसऱ्या. त्यांच्या बरोबर मुंबईच्या इंदुताई, पक्षाच्या कार्यकर्त्या. पाहुण्यांचं इंग्रजी मराठीत आणि मराठी इंग्रजीत करणं हे त्यांचं काम.

"त्यास्नी सांगा," अर्जुनराव इंदुताईंना म्हणाले, "घर काँग्रेसचं हाय, जेवण बी काँग्रेसचं हाय. भाषण हुईल तेवढं समाजवादी."

इंदुताई क्षणभर थांबल्या आणि पाहुण्यांना इंग्रजीत म्हणाल्या की यजमान म्हणताहेत, घर आपलंच समजा. रंगरावांना इंग्रजी येत होतं. त्यांनी दाराच्या चौकटीकडे बघायला सुरुवात केली.

सान मौंग येताना देहूरोडला थांबून, रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीला हात जोडून आले होते. तो माणूस बुद्धाचा, म्हणून रंगरावांनी आठवडाभर आधीच घरात बजावून ठेवलं होतं की मटणाचं नावही काढायचं नाही. बरकत बकरं द्यायला निघाला होता, त्यालाही त्यांनी अहिंसेवर व्याख्यान दिलं होतं. सान मौंग मुंबईत सगळ्यांच्या अशाच आदरापायी भाज्या खाऊन टेकीला आले होते. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी आतून येणारा वास एकदा खोल घेतला, त्यात गूळ आणि वेलदोडाच आहे अशी खात्री करून घेतली, आणि सभ्य माणसासारखं हसले.

---

इंदुताई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या आणि तिथंच पाटावर टेकल्या. दुर्गाबाई आणि वाढायला आलेल्या शेजारच्या अंबुबाई पोळ्यांना लागल्या होत्या.

"तुमीबी हेच करता व्हय?" दुर्गाबाईंनी विचारलं. "ह्याचं त्याला, त्याचं ह्याला?"

"हेच. आणि तुम्हीही, असं बरकतभाईंनी गाडीत सांगितलं." इंदुताई हसल्या. "परवा चहाच्या वेळी दोन पाहुण्यांची सुएझवरून जुंपली. मी मधले चार शब्द गाळले, तर दोघे हातात हात घालून आत गेले."

"गाळावं लागतंयच. मी तर घालती बी."

"घालता?"

"कमी पडलं तर." दुर्गाबाईंनी पोळी उलटली. "हे तापानं पडलं हुतं तवा भावजी नुसतं म्हनलं, डाक्तर आणू का इचारा. मी सांगितलं, रंगू दोन दिस जेवला न्हाई तुमच्या काळजीनं. भावजी येरवड्याला तुरुंगात हुतं तवा मी लाडू नेलं. म्हनलं, दादांनी पाठीवल्यात."

"कधी पकडल्या नाही गेलात?"

"कोन पकडनार? पकडायला एकमेकांसंगं बोलाया नगं?"

इंदुताई इतक्या हसल्या की ओसरीवरून रंगरावांनी आत डोकावून बघितलं.

"दमत नाही तुम्ही?" हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं.

"जेवताना इसावा असतो. चातुर्मासात माझा नेम हाय, पयला घास घेतला की पानावरनं उठंस्तवर मौन. एकादशी झाली की सुटंल. पर आमी बायका मागनं जेवतो, तवर ह्यांचं बोलून झालेलं असतंय. माझ्या मौनानं कुनाचं काय अडत न्हाई."

एवढ्यात सुहार्तीबाई दारात आल्या. मांडलेली पानं त्यांनी मोजली होती, असं दिसलं. त्यांनी दुर्गाबाईंकडे बोट दाखवलं, मग पंगतीकडे, आणि इंदुताईंशी थोडं ठासून बोलल्या.

"त्या म्हणतात," इंदुताई म्हणाल्या, "जिनं रांधलं तिचं पान कुठंय? तुम्ही बसणार नसाल तर त्याही तुमच्याबरोबर मागून जेवतील."

"छ्या, बाई! आमच्यात न्हाई बसत पुरुषांसंगं." हे दुर्गाबाईंच्या तोंडून आपसूक आलं, जसं लग्नानंतर कायम आलं होतं. मग त्या थांबल्या. समोर माजघराची जमीन होती, सकाळीच सारवलेली. उद्धवराव दोरी टाकणार ती याच सारवणावर, उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत. त्यांनी ती जमीन डोळ्यांनी एकदा मापली. मग हातातलं काळं फडकं चुलीशी ठेवलं आणि हात धुतले.

"अंबुबाई, वाढायला तू ऱ्हा. माझं बी पान मांड."

"कुठं गं?"

"मधी."

---

पंगत बसली. एका बाजूला अर्जुनराव आणि सान मौंग, समोर रंगराव, बरकत आणि इंदुताई. टोकाला, दोन्ही रांगांच्या मधोमध, सुहार्तीबाई आणि दुर्गाबाई. बायकोला आपल्यासमोर पान घेऊन बसलेली पाहून अर्जुनरावांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या, पण पाहुण्यांपुढं काही बोलता येईना. श्लोक झाला. दुर्गाबाईंनी पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि पहिला घास घेतला.

सान मौंगांनी थोडं खाल्लं, मग बोलायला सुरुवात केली. इंदुताई त्यांच्यामागून मराठीत सांगत गेल्या.

"ते म्हणतात, परिषदेत आम्ही रोज एकच गोष्ट म्हणत होतो. पक्ष वेगळे असोत, बोलणं बंद पडता कामा नये. आज इथं एका घरात दोन पक्ष बघायला मिळाले. हे तुम्ही कसं जमवता, ते म्हणतात, आम्हांला शिकवा."

रंगरावांना असल्या प्रश्नाची जन्मापासून प्रतीक्षा असावी. त्यांनी घास खाली ठेवला. "त्यांना सांगा, मतभेद हा लोकशाहीचा प्राण आहे. आमच्या घरात मतभेद आहेत, पण संवाद कधी तुटला नाही—"

"सांग त्याला," अर्जुनराव दुर्गाबाईंकडे वळून म्हणाले, "पाव्हण्यांफुडं खोटं बोलू नगं म्हनावं."

दुर्गाबाईंनी आमटीत बोटं बुडवली.

"अगं, सांग की त्याला."

दुर्गाबाई शांतपणे चावत राहिल्या.

"वहिनी, दादांना सांगा, मी खोटं काही बोललेलो नाही. संवाद आहेच. तुमच्यामार्फत का होईना."

दुर्गाबाईंनी भज्याकडे बोट दाखवलं. अंबुबाईंनी भजं वाढलं.

"नेम!" आधी बरकतच्या ध्यानात आलं. "भाभीचा नेम हाय ना चातुर्मासाचा! आता पानावरून उठेपर्यंत भाभी बोलत नाही." आणि तो खाली मान घालून, खांदे हलवत जेवायला लागला.

दोघा भावांनी एकदम दुर्गाबाईंकडे बघितलं. एवढी वर्षं दार उघडं होतं तिथं कुणीतरी भिंत बांधावी तसे ते बघत राहिले. दोघांच्याही तोंडात उत्तर तयार होतं आणि ते न्यायला कुणी नव्हतं.

काय झालं, असं सान मौंगांनी विचारलं. इंदुताईंनी सगळं सांगितलं. बैलजोडी, अबोला, वहिनी, नेम. सुहार्तीबाई मोठ्यानं हसल्या. सान मौंगही हसतील असं इंदुताईंना वाटलं होतं. ते हसले नाहीत. पानावर हात तसाच ठेवून त्यांनी हळू आवाजात थोडी वाक्यं सांगितली.

इंदुताईंनी यातला एक शब्दही गाळला नाही.

"ते म्हणतात, मलाही धाकटा भाऊ आहे. आम्हांला स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी तो हत्यारबंद पक्षाबरोबर जंगलात गेला. मी सरकारी पक्षाचा. तेव्हापासून त्याचा निरोप नाही. आमच्यात कुणी वहिनी नाही. तो जिवंत आहे का, हे मला माहीत नाही. मी इतक्या देशांच्या पक्षांशी बोलून आलो. तो आज समोर येऊन बसला आणि त्यानं मला शिव्या घातल्या, तरी मी त्याला म्हणेन, थांब, अजून घाल."

रंगरावांच्या हातातला घास हातातच होता, पाहुण्यांकडे बघताना ते तो विसरले होते. अर्जुनराव पानाकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवून जगलेला माणूस समोरच्या तोंडाकडे बघायला लागला, की त्याला तिथं बरंच काही नवं दिसतं. रंगूच्या कानाजवळ केस पिकले होते.

"जेव की," अर्जुनराव म्हणाले.

रंगरावांनी सवयीनं दुर्गाबाईंकडे बघितलं.

"तिच्याकडं काय बघतोस? तुला म्हनतोय. तुज्यामुळं पाव्हणं थांबल्यात."

"जेवतोय," रंगराव म्हणाले. त्यांनी हातातला घास तोंडात घातला. मग तो गिळून, "जेवतोय, दादा."

आता इथं दोघांचे डोळे भरून यायला हवे होते. भरलेही असतील. पण अर्जुनराव असल्या बाबतीत तरबेज नव्हते. त्यांनी हाताशी होतं ते भांडण उचललं.

"बैल म्हनलास मला. भर बाजारात."

"बैल नाही म्हणालो! बैल मालकाला विचारतात असं म्हणालो."

"मंग मी काय येगळं ऐकलं?"

"तुम्ही पुढचं ऐकलंच नाही. पुढं मी म्हणालो, पण दादांसारखा सरळ माणूस त्यांच्या पक्षात दुसरा नाही."

"ते लोक हसत असताना म्हनलास. कुनाला ऐकू जानार?"

"तुम्ही निघून गेलात!"

"मंग काय टाळ्या वाजवत बसू?"

इंदुताईंनी भाषांतर करायला तोंड उघडलं. सान मौंगांनी हातानं थांबवलं. त्यांना शब्द नको होते, ते आवाज ऐकत होते. दुर्गाबाईंनी अंबुबाईंकडे बघून पोळीसाठी बोट वर केलं.

"आणि तुरुंगात असताना एकदा भेटायला आला नाहीत," रंगराव म्हणाले. आता बांध फुटला होता. "लाडू पाठवले. लाडवांनी काय होतं?"

"कसलं लाडू?"

"तुम्ही पाठवलेले. वहिनी घेऊन आल्या ते."

"मी कशाला लाडू पाठवू? मला तर ती म्हनली, रंगू तुरुंगातनं माजा आशीर्वाद मागतोय."

"आशीर्वाद? मी?"

दोघे एकदम दुर्गाबाईंकडे वळले. दुर्गाबाईंना त्या क्षणी आपल्या पानावरची कुरडई फार मनोवेधक वाटत होती. इंदुताईंनी पदर तोंडाशी धरला.

"म्हणजे लाडूही तुमचे नव्हते," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला. "मी आतल्या लोकांना सांगत होतो, आमचे दादा काँग्रेसचे आहेत, पण लाडू पाठवतात."

अर्जुनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पंगतीत त्यांनी आजवर कधी टोपी काढली नव्हती.

"आलो हुतो," ते म्हणाले.

"कुठं?"

"येरवड्याला. फाटकापातुर. भाईर पोरांच्या आया बसल्या हुत्या रांगंत. आन माज्या डोक्यावर ही. ज्यांनी तुला आत टाकलं त्यांची टोपी घालून आत कसा यिऊ? आन काढून आलो तर मी कोन?" त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली. "तासभर लिंबाखाली हुबा ऱ्हायलो. मंग माघारी आलो. हिला सुदिक सांगितलं न्हाई."

दुर्गाबाईंचा हात घासावर थांबला. एवढे निरोप नेले, एवढे पदरचे घातले, पण हा त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. हा कुणाच्या हाती देण्यासारखा नव्हताच. त्यांना रडू आलं, आणि मौनात रडायला बंदी नसल्यामुळं त्या रडल्या, आणि रडता रडता त्यांनी दूधभाताकडे बोट दाखवलं.

"काढून यायचं होतं," रंगराव म्हणाले. "नाहीतर घालून यायचं होतं. मला काय फरक पडला असता?"

"आता म्हनतोस."

"आता विचारलंत!"

"रामराम," दारातून आवाज आला. उद्धवराव खांद्यावर दोरीचं भेंडोळं घेऊन उभे होते. "उरकली का जेवणं? ऊन हाय तवर माप घिऊ."

सगळ्यांनी दुर्गाबाईंच्या पानाकडे बघितलं. पंगतीतून एकट्यादुकट्यानं उठायचं नाही; शेवटच्या माणसाचं होईपर्यंत सगळ्यांनी बसायचं. हे रावेतला लहान पोरालाही ठाऊक होतं. दुर्गाबाईंच्या पानावर दूधभात होता. त्यांचं पोट गच्च झालं होतं, श्वास घ्यायलाही जागा नव्हती. त्यांनी अंबुबाईंना खूण केली.

"आनखी पोळी?" अंबुबाई म्हणाल्या. "बाई गं, फुटशील की!"

दुर्गाबाईंनी बोट खाली घेतलं नाही. पोळी पानावर पडली.

सान मौंगांनी हे पाहिलं. त्यांनी दोरी पाहिली, दुर्गाबाई पाहिल्या, दोघे भाऊ पाहिले. मग या गोड पोळीचं आणि आपलं मुळीच जमत नाही हे ठाऊक असलेल्या त्या माणसानं आपलं पान पुढं सरकवलं. सुहार्तीबाईंनीही सरकवलं. बरकत म्हणाला, "मलाही वाढा, पिंपरीचा कारखाना कुठं पळून जात नाही." परिषदेत सुएझवर एकमत व्हायला किती त्रास पडला होता ते इंदुताईंनी पाहिलं होतं. पुरणपोळीवर आशियाचं एकमत व्हायला अजिबात वेळ लागला नाही.

"पंगत चालू हाय, उद्धवराव," अर्जुनराव म्हणाले. "तुमीबी बसा. अंबुबाई, पान मांड."

"आन दोरी?"

अर्जुनरावांनी दुर्गाबाईंकडे बघितलं. रंगरावांनीही बघितलं. दुर्गाबाई पोळी अगदी बारीक बारीक कुसकरत होत्या. उत्तर तिकडून येण्यासारखं नव्हतं.

"ठिवा तिकडं कोपऱ्यात," अर्जुनराव म्हणाले.

उद्धवराव बसले. पंचाचं काम चोख करावं आणि जेवणही, असा त्यांचा बाणा होता. भाऊ तोवर झेंड्यावर आले होते. मुंबई मला नको हाय व्हय, अर्जुनराव विचारत होते. मी आत बसून भांडतो, तू भाईर हुबा राहून. आत बसून काय मिळालं, रंगराव विचारत होते. आन आढ्यावर फडकं लावून काय मिळालं? एकाही मुद्द्यावर दोघांचं पटत नव्हतं, आणि एकही मुद्दा कुणी सोडत नव्हतं.

"मंग मी परवा यिऊ का?" हात चाटून झाल्यावर उद्धवरावांनी विचारलं.

"परवा जमंल का रं तुला?" अर्जुनरावांनी रंगरावांना विचारलं.

"परवा मला खेडला सभा आहे. तुम्हांला?"

"मला बी न्हाई सवड."

"त्येच्या फुडं?" उद्धवराव म्हणाले.

"फुडं निवडणूक हाय," अर्जुनराव म्हणाले. "ह्याच्या पक्षाला पाडायचं हाय मला. घर मापत बसू का?"

"पाडून दाखवा," रंगराव म्हणाले.

दुर्गाबाईंच्या पानावर शेवटचा तुकडा उरला होता. तो त्यांनी तोंडात टाकला, पानाला हात जोडले आणि दोन्ही हातांचा टेका घेऊन, सुहार्तीबाईंच्या आधारानं कशाबशा उठल्या. पंगत उठली. बरकत गाडी सुरू करायला गेला. उद्धवराव कोपऱ्यातली दोरी खांद्यावर टाकून, सुपारी कातरत बाहेर पडले. दुर्गाबाईंनी चूळ भरली. मौन सुटलं होतं.

अर्जुनरावांनी टोपी डोक्यावर चढवली आणि सवयीनं आत बघून हाक दिली. "अगं, त्याला सांग, पाव्हण्यांसंगं कारखान्यात मीबी येतो म्हनावं. गाडीत जागा हाय का इचार."

दुर्गाबाई चुलीशेजारी पाय पसरून बसल्या होत्या.

"तुमीच इचारा," त्या म्हणाल्या. "माजं पोट भरलंय."